आठाचा आकडा: वेल्स फार्गो बँकेतल्या कर्मचाऱ्यांचं प्रकरण

एका बेघर बाईच्या नावावर बँकेत सहा खाती निघाली. त्यांचं शुल्क महिन्याला ३९ डॉलर. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या भागात वेल्स फार्गो बँकेची शाखा सांभाळलेल्या एका माजी व्यवस्थापकाने हे लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदाराला सांगितलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते छापून आलं. त्या बाईला गळ घालून खाती उघडायला लावणारे बँकेचेच कर्मचारी होते.

ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात आलं, ज्याने हे केलं त्याला लाज कशी वाटली नाही? मी स्वतः तीसेक वर्षं बँकेत काढलेला माणूस. पण त्याच कारणाने दुसरा प्रश्नही पाठोपाठ आला. त्या दिवशी सकाळी शाखा उघडण्याआधी त्या कर्मचाऱ्याला कुणी काय सांगितलं होतं? नंतरच्या काही वर्षांत न्यायालयं, नियामक आणि खुद्द बँकेच्या संचालक मंडळाने जे कागद बाहेर आणले, त्यांत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

वेल्स फार्गो १८५२ सालची. हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी कॅलिफोर्नियात सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली त्या काळात सुरू केलेली कंपनी, घोडागाडी हे तिचं चिन्ह आजही आहे. पण आपल्या प्रकरणाची सुरुवात १९९८ ची. त्या वर्षी मिनेसोटाच्या नॉरवेस्ट बँकेशी तिचं विलीनीकरण झालं. नाव वेल्स फार्गोचं राहिलं, पण कारभार नॉरवेस्टच्या माणसांकडे आला, त्यांचे प्रमुख रिचर्ड कोवासेविच. त्यांच्या बँकेत शाखेला शाखा म्हणत नसत, ‘स्टोअर’ म्हणत. दुकानात आलेलं गिऱ्हाईक एका वस्तूवर परत जाऊ द्यायचं नाही, हे दुकानदाराचं गणित त्यांनी बँकेला लावलं. खातं उघडायला आलेल्याला डेबिट कार्ड, मग क्रेडिट कार्ड, मग ऑनलाइन बँकिंग, मग घरकर्ज. आपल्याकडे याला क्रॉस सेलिंगच म्हणतात.

हे गणित मुळात खोटं नाही. ज्याचा पगार, कर्ज, ठेव, लॉकर सगळं एकाच बँकेत आहे तो सहसा बँक बदलत नाही, हे आम्हालाही ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवलं होतं आणि ते अनुभवालाही येतं. चांगली सेवा मिळाली की माणूस आपणहून दुसरं खातं उघडतो. म्हणजे खात्यांची संख्या हे चांगल्या सेवेचं फळ झालं. वेल्स फार्गोने त्या फळाचाच हुकूम काढला. प्रत्येक कुटुंबामागे आठ उत्पादनं, म्हणजे खाती, कार्डं, कर्जं मिळून आठ, असं लक्ष्य ठरलं. आठच का? तर इंग्रजीत ‘एट’ आणि ‘ग्रेट’ यांचं यमक जुळतं म्हणून. पुढे मुख्य कार्यकारी झालेल्या जॉन स्टम्फ यांनीही हेच कारण दिलं आहे. एखाद्या घराला किती खाती लागतात, याचा यमकाशी काही संबंध नव्हता.

शेअर बाजाराला हा आकडा फार आवडला. दर तिमाहीला बँक तो जाहीर करायची, आणि तो सहाच्या वर गेला तेव्हा तज्ज्ञ कौतुक करत. गुंतवणूकदार वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे तेव्हा सगळ्यात मोठी भागधारक होती. २०१५ च्या जुलैत वेल्स फार्गो बाजारमूल्याने जगातली सगळ्यात मोठी बँक ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात लॉस एंजेलिस शहराच्या सरकारी वकिलाने तिच्यावर खटला भरलेला होता, पण बाजाराने तिकडे लक्ष दिलं नाही.

आकडा खाली उतरतो तेव्हा

वरच्या मजल्यावर हा आकडा वर्षाचा असतो. शाखेत पोहोचेपर्यंत तो दिवसाचा होतो, आणि वेल्स फार्गोत तो तासाचाही झाला. फ्लोरिडातल्या एका माजी व्यवस्थापकाच्या सांगण्यानुसार वरिष्ठ तासातासाला फोनवर हिशेब मागत: आतापर्यंत किती खाती झाली? कमी असतील तर संध्याकाळी थांबायचं, किंवा शनिवारी येऊन ग्राहकांना फोन लावत बसायचं. शाळेत शिक्षा म्हणून थांबवून ठेवतात तसं वाटायचं, असं तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं आहे. काउंटरवरचे बरेच जण तासाला बारा डॉलरच्या आसपास कमावणारे होते. टार्गेट झालं नाही तर बर्गरच्या दुकानात कामाला जावं लागेल, असं त्यांना उघड ऐकवलं जायचं.

हे टार्गेट कसं ठरत होतं, ते मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मागच्या वर्षी जेवढी विक्री झाली त्याच्यावर काही टक्के चढवायचे, बस. मागच्या वर्षीची खाती खरी होती की खोटी हे त्यात कुणी पाहत नव्हतं. म्हणजे गेल्या वर्षी कुणी खोटी खाती उघडून टार्गेट गाठलं असेल, तर त्या खोट्याच्या वर या वर्षीचा आकडा बसायचा, आणि प्रामाणिक माणसाला त्याच्याशी बरोबरी करावी लागायची. खुद्द बँकेत या योजनांना ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणत: निम्मे विभागच हे गाठू शकतील, हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. उरलेल्या निम्म्यांनी काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हतं. मग ते उत्तर काउंटरवरच्यांनी शोधलं.

जानेवारी तर मोहिमेचा महिना. ‘जंप इन्टू जानेवारी’ नावाची मोहीम दरवर्षी असायची, तिचं रोजचं टार्गेट एरवीपेक्षा जास्त. डिसेंबरात कर्मचारी नातेवाईक, मित्र, शेजारी यांच्या याद्या करायचे. डिसेंबरात कुणी खरोखर खातं उघडायला आलाच, तर त्याचा अर्ज बाजूला ठेवून जानेवारीत उघडायचा. याला त्यांच्यात ‘सँडबॅगिंग’ म्हणत. ‘बंडलिंग’ म्हणजे एक हवं असेल तर त्याबरोबर ही चारही घ्यावी लागतात असं ग्राहकाला खोटंच सांगणं. ‘पिनिंग’ म्हणजे ग्राहकाला न विचारता त्याच्या नावाने डेबिट कार्ड काढून त्याचा पिन स्वतःच टाकणं. ऑनलाइन बँकिंगसाठी ग्राहकाचा ईमेल लागतो. तो नसला तर ‘नोनेम’ असला काहीतरी बनावट पत्ता टाकून नोंदणी पुरी करायची. आणि या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, ‘गेमिंग’. एखाद्या कामाच्या ठिकाणी चुकीच्या गोष्टीला इतकी नावं पडतात तेव्हा ती गोष्ट एकट्या-दुकट्याची राहिलेली नसते. भाषा चार माणसांत बोलल्याशिवाय तयार होत नाही.

त्यांनी सांगितलं होतं

संचालक मंडळाने नेमलेल्या वकिलांचा शंभरावर पानांचा अहवाल एप्रिल २०१७ मध्ये आला. बाहेरच्या जगाला २०१३ मध्ये कळलेली गोष्ट बँकेच्या आत २००२ पासून माहीत होती, असं त्यातून दिसतं. त्या वर्षी कोलोरॅडोतली जवळजवळ अख्खी शाखा एका मोहिमेच्या वेळी गेमिंग करताना सापडली. २००४ मध्ये बँकेच्याच अंतर्गत तपास विभागाने वरिष्ठांसाठी एक टिपण केलं. अशा तक्रारी २००० मध्ये ६३ होत्या, २००४ अखेर त्या ६८० वर जातील असा त्यात अंदाज होता. फसवणुकीशिवाय टार्गेट गाठता येत नाही असं कर्मचाऱ्यांना वाटतं, नोकरी जाण्याच्या भीतीने ते हे करतात, तेव्हा टार्गेट कमी करण्याचा किंवा काढून टाकण्याचा विचार व्हावा, असं तपास करणाऱ्यांनीच लिहिलं होतं.

रोगही सांगितला होता आणि औषधही. पण टार्गेट तसंच राहिलं. बदललं ते एवढंच, की सापडलेल्यांना कामावरून काढायची पद्धत लागली. किरकोळ बँकिंगचा, म्हणजे शाखांमधल्या सामान्य ग्राहकांचा, हा सगळा विभाग कॅरी टोल्स्टेड यांच्याकडे होता. त्या आणि त्यांच्या जवळची माणसं बाहेरच्या कुणाला विभागात डोकावू देत नसत आणि प्रश्नाची खरी व्याप्ती वर जाऊ देत नसत, असं अहवाल म्हणतो. मे २०१५ मध्ये संचालकांना २३० जणांना काढल्याचा आकडा दिला गेला. खरा आकडा ५,३०० च्या घरात होता, आणि तो संचालकांना २०१६ मध्ये जगाबरोबरच कळला.

या ५,३०० मध्ये बहुतेक कोण होते? काउंटरवरचे, खाती उघडणारे, थोडेफार शाखा व्यवस्थापक. पाच वर्षांत ५,३००. म्हणजे वर्षाला हजाराच्या वर माणसं एकाच प्रकारच्या चुकीसाठी जात होती, त्यांच्या जागी नवीन येत होती, आणि पुढच्या वर्षी तीही तेच करत होती. माणूस बदलला तरी चूक तीच राहते, तेव्हा खुर्चीवरच्या माणसाइतकंच खुर्चीकडेही बघायला हवं. या बँकेने ते इतकी वर्षं केलं नाही.

आणि ज्यांनी तोंड उघडलं त्यांचं काय झालं? बँकेची तक्रारीसाठी एक खास फोन लाइन होती, नाव न सांगता नियमभंग कळवायला. तिथे फोन केल्यावर काही दिवसांत कुठलंतरी छोटं कारण काढून नोकरी गेली, असं अनेक माजी कर्मचाऱ्यांनी पुढे येऊन सांगितलं. कुणी दोन मिनिटं उशिरा आला म्हणून, असली कारणं. नोकरी सुटल्यावर नियामकांकडे जाणाऱ्या काहींच्या नोंदणीपत्रावर असा शेरा मारला गेला की दुसऱ्या बँकेत नोकरी मिळणं अवघड झालं. २०१० मध्ये काढलेल्या लॉस एंजेलिस भागातल्या एका व्यवस्थापकाच्या बाबतीत अमेरिकेच्या श्रम खात्याने एप्रिल २०१७ मध्ये निकाल दिला: त्याला परत कामावर घ्या आणि ५४ लाख डॉलर द्या. खरं बोलल्याचा न्याय मिळायला सात वर्षं लागली. तेवढ्यात माणसाचं घर, कर्ज, मुलांची शाळा, सगळंच हलून गेलेलं असतं.

समजावून सांगा

इथे थोडं माझं सांगतो, कारण त्याशिवाय हे प्रकरण मला आतून कळलं नसतं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. बँकेचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. मार्चचा शेवटचा आठवडा. बाहेर पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घ्यायला आलेल्यांची रांग, आत रीजनल ऑफिसची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. विम्याच्या पॉलिसीत आमची शाखा शेवटून तिसरी होती. पडद्यावर सगळ्या शाखांची नावं लाल-हिरव्या रंगात, आणि लाल नावांना एकेक करून उभं केलं जात होतं. मी बाहेर आलो तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

काउंटरवर एक नवीन मुलगी होती, वर्षभरापूर्वी लागलेली. ती हळूच म्हणाली, “साहेब, त्या काकांना विमा नकोय. ते म्हणतात, नुसतं नवं-जुनं करून द्या.”

मी तिला म्हणालो, “समजावून सांग जरा.”

तिने समजावून सांगितलं. दुपारपर्यंत चार पॉलिस्या झाल्या. त्या काकांनी सही केली तेव्हा त्यांच्या हातातली पिशवी त्यांनी दोन्ही पायांत धरून ठेवली होती, एवढं मला अजून दिसतं. कर्जाच्या रकमेतून हप्ता कापला गेला. पुढच्या वर्षी त्यांनी हप्ता भरला नाही, पॉलिसी बंद पडली, पैसे गेले. मी तिला खोटं बोल असं म्हणालो नव्हतो. मलाही व्हीसीत कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. पण ‘समजावून सांग’ या शब्दांचा अर्थ तिला कळला होता आणि मलाही. उद्या चौकशी झाली असती तर सही तिची होती.

म्हणून वेल्स फार्गोबद्दल ‘ग्राहकाच्या संमतीशिवाय खातं उघडू नका, असं आमच्या नीतिनियमांत स्पष्ट लिहिलं होतं’ हा बचाव वाचला की मला तो पटत नाही. लिहिलं होतं, हे खरं. कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षणही होतं. पण त्यांना एकाच वेळी दोन हुकूम होते: एक वर्षातून एकदा प्रशिक्षणाच्या खोलीत मिळायचा, दुसरा दर तासाला फोनवर. कोणता पाळला नाही तर नोकरी लवकर जाईल, हे प्रत्येकाला माहीत होतं.

हा फक्त अमेरिकेचा रोग आहे असंही नाही. २०१६ च्या सप्टेंबरात, ज्या महिन्यात वेल्स फार्गोचं प्रकरण फुटलं, त्याच महिन्यात आपल्याकडे इंडियन एक्सप्रेसने बातमी दिली की जनधनच्या शून्य शिल्लक खात्यांची संख्या कमी दिसावी म्हणून बँक कर्मचारी त्यांत एकेक रुपया टाकत आहेत. एक रुपया शिल्लक असलेली खाती एक कोटीच्या वर निघाली. कित्येकांनी ते पैसे स्वतःच्या खिशातून किंवा शाखेच्या चहापाण्याच्या खर्चातून टाकले होते. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबईत स्टेट बँकेच्या परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना सांगावं लागलं, की बँकांनी नको ते विमे लोकांच्या गळ्यात मारल्याने कर्जच महाग पडतं, बँकांनी आपल्या मूळ कामाकडे बघावं.

सप्टेंबर २०१६ आणि नंतर

८ सप्टेंबर २०१६ ला नियामक आणि लॉस एंजेलिस शहर यांच्याशी १८.५ कोटी डॉलरच्या दंडावर बँकेची तडजोड जाहीर झाली. पाच वर्षांत संमतीशिवाय उघडली असावीत अशी सुमारे २१ लाख खाती. पुढे जास्त वर्षं धरून मोजल्यावर हा आकडा ३५ लाखांवर गेला. या २१ लाखांतून ग्राहकांकडून वसूल झालेलं शुल्क जेमतेम २४ लाख डॉलर होतं. इतक्या मोठ्या बँकेला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. लूट हा या सगळ्याचा हेतू असता तर तो पार फसलेला हेतू म्हणावा लागेल. खात्यांत पैसे नव्हतेच, कारण ती पैशांसाठी उघडलेलीच नव्हती. ती मोजणीसाठी उघडली होती.

स्टम्फ यांची पहिली प्रतिक्रिया अशी, की चुकीचं वागायला कुणाला उत्तेजन दिलं नव्हतं, काही थोड्या लोकांनी नियम पाळले नाहीत. हे स्टम्फ मिनेसोटातल्या एका दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याच्या अकरा मुलांपैकी एक, कष्टाने वर आलेले. म्हणूनच त्यांनी तासाला बारा डॉलरवाल्यांकडे बोट दाखवावं याचं मला जास्त वाईट वाटतं. २० सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांना सरळ विचारलं: तुम्ही राजीनामा दिलात का, कमावलेल्यातला एक पैसा तरी परत केलात का, एकातरी वरिष्ठ अधिकाऱ्याला काढलंत का? मग गुंतवणूकदारांसमोर हाच खात्यांचा आकडा मिरवल्याची स्टम्फ यांची विधानं त्यांनी एकेक करून वाचून दाखवली. १२ ऑक्टोबरला स्टम्फ पायउतार झाले.

त्याच महिन्यापासून बँकेने शाखांमधली विक्रीची टार्गेट बंद केली. २००४ च्या टिपणात सुचवलेलं बारा वर्षांनी झालं. पुढे काही कोटी डॉलर स्टम्फ आणि टोल्स्टेड यांच्याकडून परत घेतले गेले. जानेवारी २०२० मध्ये स्टम्फ यांना १.७५ कोटी डॉलर दंड आणि बँकिंगमध्ये आजन्म बंदी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेने आणखी ३ अब्ज डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली. टोल्स्टेड यांनी बँकेच्या तपासणीत अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं, आणि सहा महिने घरकैद झाली. तुरुंगात कुणी वरिष्ठ गेला नाही.

सगळ्यात जड शिक्षा ठरली ती फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी बँकेची मालमत्ता १.९५ लाख कोटी डॉलरवर गोठवली: कारभार सुधारल्याचं दाखवा, मगच वाढा. ही मर्यादा उठायला जून २०२५ उजाडला. वाढीच्या आकड्यापायी जे झालं, त्याची शिक्षा म्हणून सात वर्षं वाढच थांबवली, हे मला न्यायाला धरून वाटतं. पण ती शिक्षा बँकेला झाली. नोकरी गेलेल्या ५,३०० जणांतले किती जण खरे दोषी, किती भीतीने वाकलेले, याची वेगळी छाननी करून त्यांना बोलावून विचारायला हवं होतं. त्यांचा जबाब हाच या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा दस्तऐवज झाला असता.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र पुढे घडली. आपल्याकडे बँकेत लागल्यावर युनियनचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात पुढे येतो. अमेरिकेत बँक कर्मचाऱ्यांना संघटना जवळपास नसतेच. व्हीसीत लाल रंगात नाव आलं तरी माझ्या शाखेतल्या त्या मुलीच्या मागे निदान युनियनचा माणूस उभा राहू शकला असता. वेल्स फार्गोच्या काउंटरवर तसं कुणी नव्हतं, प्रत्येक जण एकेकटा होता. प्रकरण फुटल्यावर काही कर्मचारी आपसात जमू लागले, आणि २० डिसेंबर २०२३ ला न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या शाखेत युनियनसाठी मतदान झालं. छोटी शाखा. पाच मतं बाजूने पडली, तीन विरोधात. वेल्स फार्गोची युनियन असलेली ती पहिली शाखा.